आळीचा विस्तव

लोणावळ्यात आमच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर दुपारी चार बायका जमतात. कुणाला तांदूळ निवडायचे असतात, कुणाला वाती वळायच्या असतात, आणि सगळ्यांच्याच जिभेला काम हवं असतं. विषय फिरून फिरून एकच. आताच्या पोरींना अक्कल नाही, वळण नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. मी बहुतेक गप्प बसते. त्यांना वाटतं, हिला पटतंय. पटत कसलं डोंबल. पण तोंड उघडलं तर मला सगळंच सांगावं लागेल, आणि ते सांगताना माझा आवाज बिघडतो, म्हणून मी तांदळातले खडे शोधत राहते. इथं लिहून टाकते, ते बरं.

माझं माहेर नाणे मावळात. कामशेतला गाडीतून उतरायचं आणि पाऊलवाटेनं चालत सुटायचं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मागे डोंगर. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला होती. पाऊस मावळातला, म्हणजे आषाढ लागला की सूर्याचं नाव घ्यायचं नाही. डब्यातलं मीठ पाणी सोडायचं, जळण ओलं, शेण्या, म्हणजे गोवऱ्या, ओल्या, अंगावरचं लुगडं वाळायच्या आत पुन्हा ओलं. अशा दिवसांत विस्तव जपणं हे घरातलं मोठं काम होतं. काडेपेट्या तेव्हा मिळत नव्हत्या असं नाही. पण त्या वडगावच्या बाजारातून यायच्या, आणि देवापुढच्या दिव्यासाठी नाहीतर आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चिलमीसाठी फडताळात वर ठेवलेल्या असायच्या. चुलीसाठी काडी ओढली तर आई म्हणायची, उधळेपणा आहे नुसता.

म्हणून आळीत एका घरानं सगळ्यांसाठी विस्तव राखायचा अशी रीत होती, आणि ते घर आमचं होतं. निजायच्या आधी आई खैराचा जाडजूड निखारा चुलीत आत सारायची, वर शेणीचा तुकडा ठेवायची आणि वरून राख थापायची. पहाटे राख बाजूला केली की आत लालबुंद. उजाडायला लागलं की आळीतल्या बायका यायच्या. एका हातात खापरी, म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, दुसऱ्या हातात एक शेणी. शेणी आमच्या चुलीशेजारच्या ढिगावर टाकायची आणि खापरीवर निखारा घ्यायचा. दे म्हणायचं नाही, घे म्हणायचं नाही. आणि घेतल्या पावली पळायचंही नाही. निखाऱ्यावर शेणीचा चुरा घालून तो चांगला धरेपर्यंत तिथंच बसायचं, नाहीतर पावसात घरी पोचेपर्यंत तो विझायचा. तेवढ्या वेळात कुणाला ताप आहे, कुणाची म्हैस आटली, कोण नवऱ्याशी अबोला धरून आहे, हे सगळं आईच्या कानावर यायचं.

आई स्वतः कमी बोलायची. पण कोण आलं आणि कोण आलं नाही, हे तिच्या बरोबर ध्यानात राहायचं. बायका गेल्या की मला म्हणायची, "जा गं, पल्याडच्या घरातनं धूर निगतुय का बघून ये." मी परकर वर खोचून चिखलातून जायची आणि त्या घराच्या कौलांकडे बघून यायची. धूर असला तर काही नाही. नसला तर आई हातातलं काम तसंच टाकून उठायची.

आबांचं निराळं. आबा देवळाच्या पारावर बसून आताच्या पिढीची काळजी करणाऱ्यांतले. त्यांची आताची पिढी म्हणजे तेव्हा नुकती रेल्वेत आणि मुंबईच्या गिरण्यांत जायला लागलेली पोरं. "ह्यांस्नी ना मोठ्यांचा मान, ना कामाची अक्कल," असं ते रोज घरी येऊन सांगायचे, जणू आम्हाला नवीन बातमी. एकदा आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "मामंजी तुमाला काय म्हनायचे हो?" आबा खोकले. म्हणाले, "त्येंचा सोभाव तापट हुता." चुलीकडं तोंड करून ती हसत होती, ते मी पाहिलं होतं.

मी नऊदहा वर्षांची असेन तेव्हा, पहिली मोठी लढाई सरतासरता, मानमोडीची साथ आली. त्या साली पावसानंही दगा दिला होता. ताप यायचा, अंग मोडून यायचं, आणि काल बैल हाकणारा माणूस आज तिरडीवर दिसायचा. मुंबईहून माणसं गावाकडे पळून येत होती आणि येताना तो ताप बरोबर आणत होती. गावात दारं लागली. कुणी कुणाच्या ओट्याला पाय लावेना. विस्तवाला येणाऱ्या बायकाही कमी झाल्या. काही भीतीनं येत नव्हत्या, काही पडून होत्या.

आमच्या भिंतीला लागून एक घर होतं. दोन भाऊ वेगळे निघालेले, मधे कूड घालून एकाच घराचे दोन भाग केलेले. थोरल्याची बायको साथ सुरू झाल्यापासून फिरकली नव्हती. तिनं फडताळातली काडेपेटी खाली काढली असणार. धाकट्याची बायको मात्र रोज यायची. तिला पाचसहा महिन्यांची मुलगी होती. एका सकाळी ती आली नाही. दुसऱ्या सकाळीही आली नाही. आई दारात जाऊन उभी राहिली. त्या घराच्या थोरल्या भावाच्या बाजूनं धूर निघत होता, धाकट्याच्या बाजूनं नव्हता.

आबा म्हणाले, "जाऊ नगंस. पदरात ल्हान प्वॉर हाय." माझा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता.

"तिच्याबी पदरात हाय," आई म्हणाली, आणि गेली.

मी तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले होते, म्हणून आत काय होतं ते मला माहीत आहे. नवरा गेलेला होता. बायको शुद्धीवर नव्हती, ती त्याच दिवशी दिवेलागणीला गेली. दोघांच्या मधे ती पोर. रडून रडून तिचा घसा बसला होता, नुसतं तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. कुडापलीकडं कुणाला ऐकू आलं नाही ते त्यामुळे, असं आपण म्हणू. आईनं तिला उचललं, पदराखाली घेतलं आणि त्या तापाच्या घरात खाली बसून तिला पाजलं. मी उंबऱ्यात उभी राहून रडत होते, कारण आता आपली आई मरणार अशी माझी खात्री झाली होती.

आई मेली नाही. भावाच्या वाटणीचं दूध दोघांत झालं. भाऊ भुकेनं किरकिरायचा आणि आई त्याला नाचणीच्या पेजेवर भागवायची. आबा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण पोर बाहेर ठेव असंही म्हणाले नाहीत. शिमग्यापर्यंत ती आमच्याकडे होती. मग साथ ओसरली, लोकांनी दारं उघडली आणि थोरल्याची बायको, म्हणजे पोरीची चुलती, तिला न्यायला आली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आईनं पोर तिच्या हातात दिली.

त्या दिवसापासून आईनं त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मलाही ताकीद दिली, "आपुन कुनाचं काय केलं, त्ये आपल्या त्वांडानं सांगायचं न्हाई. पोरीला तर मुळीच न्हाई." चुलतीही बोलली नाही. तिचं कारण निराळं होतं. कुडापलीकडं दीर-जाऊ मरत असताना आपल्या चुलीतून धूर निघत होता, हे कुठली बाई आपण होऊन सांगेल? आणि आळीही बोलली नाही, कारण आळीतलं प्रत्येक घर तेव्हा दार लावून बसलं होतं. पोर चुलतीच्या हाताखाली वाढली. आपले आईबाप साथीत गेले आणि काकीनं आपल्याला सांभाळलं, एवढंच तिला ठाऊक.

म्हणून ओट्यावर "आमच्या वेळी" सुरू झालं की माझं डोकं फिरतं. आमच्या वेळीही आळी घरांनी भरलेली होती. उठून गेली ती एकटी आई.

पुढं माझं लग्न झालं आणि मी लोणावळ्यात आले. नवरा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. आम्हाला खोली मिळाली, ओटा मिळाला, आणि इंजिनातून पडलेले अर्धेकच्चे कोळसे शेगडीला फुकटात मिळायचे. इथं विस्तव मागायला कोण कुणाकडे जाणार? पहिल्यांदा स्वतःची काडी ओढून शेगडी पेटवली तेव्हा मी राणी झाल्यासारखी ऐटीत बसले होते. शेजारणींच्यात राहून माझी भाषाही बदलली. माहेरी गेले की भाऊ चिडवायचा, "आली बामनीन." आई हसायची आणि म्हणायची, "बोलू दे, तिची जीब हाय."

हळूहळू गावातही काडेपेट्या आल्या. लोणावळ्यात बंगल्यांवर कामाला जाणारी पोरं सुट्टीत येताना खिशातून घेऊन यायची. आळीतल्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. गरजच उरली नाही. माहेरी गेले की चुलीशेजारचा शेण्यांचा ढीग दर वेळी लहान झालेला दिसायचा. शेवटी तिथं आमच्या स्वतःच्याच शेण्या उरल्या. भाऊ एव्हाना मोठा झाला होता, लग्न झालं होतं. तो म्हणायचा, "आये, आता काडी वढली की झालं. कशापायी राखंत हात घालत बसतीस?"

"कुनाची काडी सर्दाळली तर?" आई म्हणायची, आणि रात्रीचा निखारा राखेत पुरायची.

एकदा मात्र मला एकटीला म्हणाली, "आता मला कळतच न्हाई गं, कोन आजारी हाय त्ये. मानूस बरं झाल्यावर कळतं, न्हाईतर मेल्यावर." तिनं आळीतल्या सुनांना नावं ठेवली नाहीत. ह्यांना अक्कल नाही, असं तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. नुसतं कळत नाही एवढंच म्हणाली, आणि मला तिची फार कीव आली.

आबा गेले. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि भाऊ देहूरोडला लढाईच्या कामावर लागला. बायकोला घेऊन तिकडंच राहायला लागला, रविवारी गावी यायचा. आईला तो घेऊन जायला तयार होता, मीही हट्ट धरला. एका दिवाळीला तिला लोणावळ्याला आणलीही. पण रोज सकाळी ती ओट्यावर येऊन शेजारच्या दाराकडे बघत उभी राहायची. "ही बाई उठली का न्हाई अजून?" मी म्हणायची, "आई, त्यांची रात्रपाळी असते, झोपू दे त्यांना." तिला ते पटायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी म्हणाली, "मला सोड गाडीत. माजा इस्तू इझला आसंल." भाऊबीज झाली तशी ती गेली.

लढाई लांबली तशी एकेक वस्तू दिसेनाशी झाली. घासलेट रेशनवर, आणि काडेपेटी तर बघायला मिळेना. मिळाली तर त्यातल्या निम्म्या काड्यांचा गूल घासताक्षणी गळून पडायचा. आणि मग काय, आळीतल्या बायका पुन्हा खापऱ्या घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

जेठात मी दोन दिवस माहेरी गेले तेव्हा आईचा चेहरा उजळलेला होता. "आल्या गं समद्या," मला पाय धुवायला पाणी देतादेताच म्हणाली. मलाही बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात पडून बघत होते. बायका आल्या, वाकल्या, निखारा घेतला आणि गेल्या. शेणी कुणी आणली नव्हती. आणायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. बसलं कुणी नाही. एकीला दुधाच्या चरव्या घेऊन कामशेतची गाडी गाठायची होती, एकीला खाचरावर जायचं होतं. त्या वाईट नव्हत्या, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. दमलेल्या होत्या. आमच्या आळीला विस्तव परत आला होता, आणि आई दुकान मांडून बसल्यासारखी चुलीपाशी बसली होती.

ती भिंतीपलीकडची पोरही आली. आता ती पोर कुठली, कडेवर स्वतःचं मूल होतं. थोरल्याला मूलबाळ नाही म्हणून घरजावई आणला होता, त्यामुळे ती लग्न होऊनही आळीतच राहिली होती. उंच, हसरी, तोंडानं फटकळ. "मावशे, टाक बिगीबिगी, माझं प्वॉर रडतंय," म्हणाली. आईनं निखारा टाकला आणि तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे इतर बायकांपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. मी अंथरुणावर उठून बसले. आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी पुन्हा आडवी झाले.

आषाढात निरोप आला. गावचा एक माणूस आमच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होता, त्यानं नवऱ्याला सांगितलं आणि नवरा कामावरून तसाच घरी आला. त्याच्या हातांना तेल होतं. तो काही बोलायच्या आधीच मला कळलं.

मी पोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. आईला भिंतीशी निजवली होती. भाऊ देहूरोडहून माझ्या आधी येऊन गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ओट्यावर आळीतली माणसं पावसाची इरली काढून उभी होती. आईला ताप आला असावा. दोन सकाळी ती उठली नव्हती. तिची शेळी धार न काढल्यामुळे ओरडत होती, म्हणून भिंतीपलीकडचा जावई तिला पाला टाकायला आत आला, आणि त्यानं बघितलं.

"दोन सकाळी विस्तवाला कुणी आलं नाही का?" मी विचारलं.

"आलतो की," भिंतीपलीकडची म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "मी आलते, समद्याच आलतो. दार ढकललं तर चूल थंड दिसली. म्हून वरल्या आळीला गेलो इस्तू आनाया."

"आई कुठं आहे, असं नाही वाटलं?"

"वाटलं निजली आसंल. म्हातारं मानूस."

तिनं हे अगदी सरळ सांगितलं. लपवायचं आहे असं तिला काही वाटतच नव्हतं. चूल थंड आहे म्हणजे विस्तव मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. ज्या बाईनं सगळी हयात थंड चुलीचा दुसराच अर्थ लावला, तिच्या उशाशी उभं राहून ती मला हे सांगत होती. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की हिला मारून उपयोग नाही, हिला कुणी कधी काही सांगितलेलंच नाही.

तिरडी बांधून झाली. भावानं खांद्यावर पंचा टाकला आणि मडकं पुढं केलं. प्रेतापुढं घरच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून न्यायचा असतो, त्यानंच अग्नी द्यायचा असतो. भावजय चुलीपाशी गेली आणि तशीच उभी राहिली. मग मी गेले. राखेत हात घातला. कौल फुटून वरून पाणी ठिबकत होतं, राख ओली गिच्च झाली होती. मी तळापर्यंत उकरलं. खैराचा निखारा होता, पण काळा आणि भिजलेला. आळीला विस्तव देणाऱ्या माझ्या आईच्या मडक्यात घालायला तिच्या घरात विस्तव नव्हता.

भावानं खिशातून काडेपेटी काढली. एक काडी मोडली, एकीचा गूल उडाला, एक पेटली तर ओली शेणी धरेना. घरात घासलेटाचा थेंब नव्हता. तो ओल्या शेणीवर वाकून फुंकत होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. ओट्यावरच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, शेजारून आणा. तेव्हा भिंतीपलीकडची चुलती, आता म्हातारी झालेली, कोपऱ्यातून म्हणाली, "भरल्या घरातनं दुसऱ्याच्या मढ्याला इस्तू देत न्हाईत. आमच्या घरात ल्हान ल्योक हाय." बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. तशी रीत होतीच, तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं.

पण ते तिनं सांगावं, हे मला सोसलं नाही. आईची ताकीद मी इतकी वर्षं पाळली होती, ती तिच्या देखत मोडली. मी त्या भिंतीपलीकडच्या पोरीकडे वळून सगळं बोलले. मानमोडीत तुझ्या घरातून धूर निघाला नाही म्हणून ही उठून आली. तुझा बाप मेलेला होता आणि आई जात होती. तापाच्या घरात बसून हिनं तुला पाजलं. हा माझा भाऊ उपाशी राहिला आणि तू त्याच्या वाटणीचं प्यालीस, शिमग्यापर्यंत. आळीतलं दुसरं एकही दार उघडलं नव्हतं. कुडापलीकडचंसुद्धा.

भाऊ फुंकायचा थांबून माझ्याकडे बघत होता, त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. ती पोर चुलतीकडे वळली.

"काकी, खरं हाय का ह्ये?"

म्हातारीनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. म्हणाली, "व्हय."

"मग मला कुनी सांगितलं का न्हाई?"

तिनं कडेवरचं मूल माझ्या भावजयीच्या हातात दिलं आणि भर पावसात बाहेर पडली. परत आली तेव्हा हातात खापरी नव्हती, लोखंडी पाटी होती, वर परात पालथी घातलेली. तिनं आपली चूल तळापासून उकरून आणली होती, पेटत्या लाकडांसकट. ती भावासमोर बसली आणि हातानंच एकेक निखारा उचलून मडक्यात टाकायला लागली. चिमटा आणा, असं कुणीतरी म्हणालं, तोवर मडकं भरलं होतं. भाऊ मडकं घेऊन पुढं झाला. तिचा नवरा त्यावर इरलं धरून त्याच्या बरोबर चालत गेला. ती ओट्याच्या पायरीवर भाजलेली बोटं पागोळ्यांखाली धरून बसली होती.

त्या दिवशी तिची चूलही थंडच राहिली असणार. आम्हाला पिठलं-भाकरी वरच्या आळीतून आली.

मी पुष्कळ विचार केला आहे. आईनं केलेलं बोलून दाखवलं नाही, हा तिचा चांगुलपणाच होता. पण त्या चांगुलपणानं काय केलं बघा. आळीतल्या पोरींना निखारा कसा न्यायचा ते कळलं आणि कशासाठी न्यायचा ते कळलं नाही. आम्ही मोठ्यांनी तोंडं शिवून ठेवायची आणि वर पारावर बसून म्हणायचं, ह्यांना अक्कल नाही. माझी स्वतःची मुलगी आता स्टोव्ह पेटवते. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय करू? शेजारी विस्तव मागायला जाऊ?" मला राग आला आणि हसूही आलं.

आईला पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून दारात बसले. पाऊस उघडला होता. आळीतल्या कौलांतून एकेक करून धूर निघायला लागला. भिंतीपलीकडच्या घरातूनही निघाला, तिनं कुठून तरी विस्तव आणला होता. आमच्याच घरावर काही नव्हतं. बायका खापऱ्या घेऊन वरच्या आळीकडे गेल्या. आमच्या दारावरून जाताना त्यांनी माना वळवल्या नाहीत. दुःखाच्या घराकडे बघू नये म्हणून असेल.

मग ती आली. हाताला फडकं बांधलेलं, कडेवर मूल, खापरी नाही. उंबऱ्याशी थांबली नाही, थेट आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"धूर दिसला न्हाई," ती म्हणाली, "म्हून आले."

आमच्या घरात सुतक होतं. चूल पेटणार नव्हती हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तिलाही होतं. तरी ती आली होती. चुलीशेजारी आईच्या बसायच्या जागी ती मूल मांडीवर घेऊन बसली. भावानं उठून तिला पाणी दिलं. आई गेल्यापासून मी रडले नव्हते, ती तेव्हा रडले.